येळवशीचा ट्रेलर

दोन वर्षांपूर्वी, वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता, अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या शेतात उभा असलेला, कारमागे ओढून न्यायचा, कापडी भिंतींचा घडीचा ट्रेलर मिटेना. पलंगावरची लोखंडी कमान दोन बोटं वर उचलली की खोबणीतून सुटते, मग पलंग आत सरकतो आणि छत खाली येतं. कमान उचललीच गेली नाही. आधी मी प्रयत्न केला, मग शेजारच्या शेतातल्या गयाबाईंनी, मग दोघींनी मिळून. चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही हात सोडले. आई समोर खुर्चीत बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

यंदा ज्वारी पोटऱ्यातून बाहेर आल्याचा निरोप गयाबाईंनी मागच्या रविवारी फोनवर दिला. त्याच दुपारी नांदेडच्या घरासमोर ट्रेलर उघडून कापडाला ऊन दाखवलं. वर्षभर मिटलेल्या कापडातून पहिल्यांदा बाहेर येतो तो कडब्याचा वास. त्यामागून राखेचा, आणि अगदी कोपऱ्यात करडईच्या चटणीचा, कारण तिथे एकदा डबा सांडला होता. गल्लीतले शेजारी आता विचारत नाहीत. पहिल्या वर्षी विचारत होते. मिटलेला ट्रेलर म्हणजे छातीइतक्या उंचीची पांढरी पेटी, खाली दोन चाकं. एकाने तिला पाणीपुरीची गाडी म्हटलं होतं. अहमदपूरच्या चहाच्या टपरीवर दोघांचा वाद झाला होता.

"डीजे हाय."

"डीजेला खिडक्या कशाला लागतेत? मळणीचं मशीन हाय ते."

"घर आहे," मी सांगितलं. दोघांनी चहा संपवला आणि पेटीभोवती एक फेरी मारली. "मग दार कुठं हाय?" पहिल्याने विचारलं. दार छताबरोबर वर येतं, हे सांगून पटणारं नव्हतं.

हा ट्रेलर नवा नाही. हैदराबादच्या एका कुटुंबाने तो दोनदा वापरून गॅरेजात ठेवला होता. चाकं, चौकट, कागदपत्रं सगळं ठीक होतं. कापड तेवढं उंदरांनी खाल्लेलं होतं. तो घेण्याचं कारण आईचे गुडघे.

आई दादाकडे लातूरला असते, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला जमिनीवर बसता येत नाही, उकिडवं तर मुळीच नाही. शेतात एक पत्र्याची शेड आहे, त्यात खत आणि पाइप. संडास नाही, पलंग नाही. त्यामुळे सणाचा दिवस सोडला तर आईचं शेतात जाणं बांधापुरतं उरलं. दादा तिला न्यायचा, बांधाशी गाडी उभी करायचा, ती उतरून दहा मिनिटं उभी राहायची, एखादं कणीस हातात घेऊन दाणा दाबून पाहायची, आणि अंधाराच्या आत लातूर. तिची मागणी एकच होती आणि ती दर डिसेंबरला त्याच शब्दांत यायची. "हुरडा सरंस्तोवर एकदा शेतात राहू द्या मला. मग कुठं न्यायचं तिथं न्या." दादाचं उत्तरही ठरलेलं होतं. "राहशील कुठं? कोपात?"

कोप म्हणजे कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून बांधलेली खोप. लातूर भागात वेळ अमावस्येला, बोलीत येळवशीला, प्रत्येक शेतात ती असते. वरून नवी शाल पांघरलेली, आत मातीने सारवलेल्या जागेवर पूजा मांडलेली. त्या दिवशी शहरात दुकानं बंद असतात, रस्ते मोकळे असतात आणि माणसं शेतात. नातेवाईक, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. कोणाच्याही बांधावरून गेलं तरी जेवल्याशिवाय सुटका नाही. भज्जी, म्हणजे तूर, वाल, वाटाणा, हरभरा आणि हाताला लागेल ती हिरवी भाजी एकत्र शिजवलेली; बाजरीचे वाफवलेले उंडे; गव्हाची खीर; आणि माठातलं आंबील, ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबवलेलं. आंबील प्यायलं की झोप येते, आणि ती कोणाच्याही झाडाखाली काढायची मुभा असते.

कोपाचं दार गुडघ्याएवढ्या उंचीचं असतं. आईने चाळीसएक वर्षं त्यातून रांगत आत जाऊन पूजा केली. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं ती बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि ताट बाहेर आलं.

घडीच्या ट्रेलरमध्ये पलंग जमिनीपासून कमरेएवढा उंच असतो. कडेला बसलं की पाय सरळ खाली. गुडघे बदललेल्या माणसासाठी ही एक गोष्ट पुरेशी आहे. बाकीच्या नंतर कळत गेल्या. दोन पायऱ्या, धरायला दांडी. बाकाखाली सरकवलेलं खुर्चीसारखं शौचपात्र, पडदा ओढला की खोली वेगळी. खाली विंचूकाटा फिरला तरी फिरू दे. मिटलेला असताना तो माझ्या लहान कारच्या मागे निमूट येतो. उंच गाड्यांना लोहा गावाच्या पुढे मोकळ्या माळावर वारा ढकलतो, याला ढकलायला काही सापडत नाही. आरशात पाहिलं तर त्याच्या डोक्यावरून मागचा ट्रक दिसतो. आमच्या गल्लीत तो भिंतीला लागून उभा राहतो आणि दुधाची मोटारसायकल शेजारून जाते.

कापड शिवायला खलीलभाईंकडे दिलं. नांदेडला त्यांचं रिक्षाची हूडं आणि सीटा शिवायचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. फाटक्या चिंध्या जमिनीवर पसरून त्यांनी जुन्या कापडाचा आकार जुळवला. दोन दिवस नुसतं मापच चाललं. ते म्हणाले, "रेक्झिन लावतो ताई. पंधरा वर्षं बघायला नको."

आई तेव्हा फोनवर होती. "रेक्झिन नको म्हणावं. आत घाम सुटतोय आन् वास येतोय. सुती लावा."

"अम्मा, कपड्याला गॅरंटी देत नसतो मी."

"मी मागितली का?"

जाड सुती कापड आलं. खलीलभाईंनी ते कमानींवर ताणलं आणि खालची कड पट्टी मारून पितळी स्क्रूंनी पक्की केली, रिक्षाच्या हूडला करतात तशी. काम झाल्यावर त्यांनी कापडावर बोटाने टिचकी मारली. हलगीसारखा आवाज आला. "सळ दाखवा एक," ते म्हणाले. सळ, म्हणजे सुरकुती, एकही नव्हती. त्यांच्या धंद्यात हूडावर सळ दिसली तर गिऱ्हाईक त्याच पावली परत येतं.

दादाने दोन रात्रींची परवानगी दिली. "येळवशीची आणि आदली, दोनच रात्री. शुक्रवारी संध्याकाळी आई लातुरात पाहिजे. मी न्यायला येतो." तो बँकेत आहे आणि वेळेचा पक्का आहे.

बुधवारी ट्रेलर शेतात पोचला; त्याआधीच दादा आईला बांधाशी सोडून बँकेत गेला होता. पहिल्यांदा उघडायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. आता चौदा लागतात. चार कोपऱ्यांचे जॅक खाली, दांडा फिरवायचा, छत वर चढतं, पलंग दोन बाजूंना सरकतात, कमानी उभ्या राहतात. गयाबाई कोपासाठी कडबा घेऊन येत होत्या, त्या पेंढी डोक्यावर तशीच ठेवून थांबल्या. त्या आईला अक्का म्हणतात. दोघींचे बांध तीस वर्षं एकमेकींना लागून आहेत.

"अक्का, लोकांच्या लेकी येळवशीला चोळी-बांगडी आणतेत. हिनं घरच आणलं व्हय?"

"आणलं खरं," आई म्हणाली. "परवा वापस नेणार हाय."

ट्रेलर कोपाला लागूनच उभा केला होता. गुरुवारी पूजा गयाबाईंनी केली आणि जाळीच्या खिडकीतून आईने ती चालवली. हळद कुठे, पाच पांडवांपैकी आधी कोणता दगड, शालीचं टोक डावीकडे का आलं. "अक्का, तुम्हीच या की आत," गयाबाई कोपातून म्हणाल्या. "म्या कशाला येऊ, मला हितून समदं दिसून राहिलंय," आई म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती पूजेच्या इतक्या जवळ होती, आणि आवाजावरून तिला ते माहीत होतं.

पूजा झाली की आंबील शेतभर शिंपडतात. पिकावर, बैलांवर, विहिरीवर, अलीकडे ट्रॅक्टरवर. शेतात जे जे आहे त्या सगळ्याला वाटा मिळतो. गयाबाईंनी ट्रेलरलाही दिला, सढळ हाताने, चारी बाजूंनी. ती नवी वस्तू होती आणि तिला टाळणं बरं दिसलं नसतं.

शुक्रवारी सकाळी कापडावर पिठाचे पांढरे ओघळ वाळलेले होते आणि मुंग्यांच्या दोन रांगा छतापर्यंत गेल्या होत्या. आंबट वास येत होता. आईने पाहिलं आणि म्हणाली, "धुऊन काढा. उंदरं लागतील." त्या दिवशी सकाळी शेतीची लाइट होती. बोअरची मोटार लावली, पाइप लावला, चारही भिंती आणि दोन्ही पलंगांवरच्या कापडी टोप्या रंग बदलेपर्यंत भिजवल्या. दुपारपर्यंत ऊन आणि वारा यांनी त्या वाळवल्या. वाळताना कापड आणखी गोरं आणि आणखी गुळगुळीत होत गेलं. साडेतीनला कमान निघेना.

खलीलभाईंना फोन लावला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. धुतलं का? नुसतं शिंपडलं की भिजवलं? मग त्यांनी दुकानातलं मशीन बंद केलं.

"कोरा कपडा होता ताई. आधी भिजवायला पाहिजे होता मी. रेक्झिनला हे लागतच नाही, तर ध्यानातच आलं नाही. आटला तो. आता असं करा, स्क्रूला हात लावू नका. ताणात स्क्रू काढला तर भोकापासून फाटत जाईल. मी येतो."

"कधी?"

"परवा बिलोलीला भाचीची शादी आहे. सोमवारी वलीम्याचं जेवण. मंगळवारी सकाळी निघतो."

दादाला कळवलं. "मिटत न्हाई म्हणजे काय? घडीचाच हाय ना तो?"

"हो."

"मग तुम्ही त्याला तिथंच सोडा. आईला मी घेऊन जातो."

फोन आईने मागून घेतला. "उघड्या रानात सोडून येऊ का? उद्या कोणी कापून नेलं म्हंजे? मी राहते हितं राखण." दादाने बिछान्याचं विचारलं, औषधांचं विचारलं, पडलीस तर काय असं विचारलं. "पडायला खाली बसावं लागतंय व्हय रे?" आई म्हणाली. "हितं खाली बसायचंच न्हाई." मंगळवारपर्यंत, दादा म्हणाला. मंगळवारी मी स्वतः येतो.

कोरं मांजरपाट आधी भिजवून मग शिवायचं, हे आईला माहीत नसेल असं गयाबाईंना वाटत नाही. "साठ वर्सं कापड धुतलंय त्या बाईनं," त्या म्हणतात. "मुद्दामच धुवाया लावलं." आई यावर बोलत नाही. या आरोपाला दुजोरा मिळालेला नाही.

मग चार दिवस. ते कोणत्या क्रमाने आले हे आता सांगता येणार नाही. कापडी भिंतीच्या घरात सकाळ बाहेरून आत येत नाही, ती आतच होते. भिंत आधी राखाडी, मग पिवळी, मग तिच्यावर कणसांच्या सावल्या. जानेवारीतल्या पहाटे थंडीही तशीच आत असते, हेही सांगायला हवं. दोन वाकळी आणि वर घोंगडं घेऊनही नाक गार पडायचं. साडेसहाला पाखरं उतरायची. आई पलंगाच्या कडेला बसून खिडकीची चेन खाली ओढायची आणि हाळी द्यायची. ती हाळी लातूरच्या दुसऱ्या मजल्यावर मी कधी ऐकली नव्हती. थवा उठायचा, ओढ्यापर्यंत जायचा, परत यायचा. शनिवारी तिने गोफण मागितली. पायरीवर उभं राहून, एका हाताने दांडी धरून, तिने दगड भिरकावला. तो गयाबाईंच्या हरभऱ्यात पडला.

"अक्का, राखणीचे माळे लई बघितले," गयाबाई तिथूनच म्हणाल्या. "चाकावरचा माळा पहिल्यांदा बघून राहिले. आन् राखणदार माझंच पीक हाणतोय."

दुपारी चारच्या सुमारास आगटी पेटायची. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्या, निखाऱ्यात कणसं. भाजलेलं कणीस हातात चोळायचं काम आधी खाली बसून व्हायचं. आता आगटी ट्रेलरच्या पायरीसमोर आली आणि आई पायरीवर बसून चोळायला लागली. तिच्या तळव्यातून हिरवे दाणे पत्रावळीवर पडायचे, कोंडा ती फुंकरीने उडवायची. दाणा गोड, किंचित धुरकट, दाताखाली दुधासारखा फुटणारा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. त्या चार दिवसांत बांधावरून जाणारी बरीच माणसं थांबली. काही ट्रेलर पाहायला आली आणि हुरडा खाऊन गेली; काही उलट. सगळ्यांनी दांडा फिरवून पाहण्याची इच्छा व्यक्त केली, आणि त्यांना आता तो फिरत नाही हे सांगावं लागलं. एका म्हाताऱ्या बाईंनी पलंगावर बसून पाय हलवले. "माझे बी गुडघे गेलेत," त्या म्हणाल्या, आणि अर्धा तास तिथेच बसून राहिल्या.

घर म्हणजे काय, असा प्रश्न अशा वेळी पडू शकतो. आईला पडला नाही. तिने रविवारी ट्रेलरच्या समोरची जागा सारवून घेतली.

मंगळवारी साडेदहाला खलीलभाई आले. एसटीने अहमदपूरपर्यंत आणि तिथून रिक्षाने. "रिक्षाचं हूड बघितलं का?" उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं. "कोणी शिवलंय देव जाणे. बसवत नव्हतं आत." पिशवीत दाभण, मेण लावलेला दोरा आणि त्याच कापडाचे त्रिकोणी तुकडे होते, तीन वेळा भिजवून वाळवलेले. त्यांनी चारी बाजूंनी फिरून कापडावर हात फिरवला. टिचकी मारली नाही. मग एकेक स्क्रू अर्धा-अर्धा, आळीपाळीने सैल करत ताण उतरवला. चार कोपरे उसवले आणि प्रत्येकात एक कळी घातली, कुर्त्याच्या बगलेत असते तशी. मध्ये आईने त्यांना हुरडा दिला, तो त्यांनी उभ्यानेच खाल्ला. अडीचला काम झालं. कापडावर आता चार सळी होत्या, प्रत्येक कोपऱ्यात एक.

"दिसतेय सळ," आई म्हणाली.

"दिसू द्या अम्मा. मिटायचं असेल तर सळ लागते. माझ्या दुकानात हे सांगू नका."

कमान एका बोटाने निघाली. पलंग आत गेले, छत खाली आलं. पावणेतीनला तो पुन्हा पांढरी पेटी झाला आणि मी तो कारला जोडला. तीनला दादा आला. त्याने आईच्या दोन्ही पिशव्या स्वतःच्या गाडीत ठेवल्या. आई खुर्चीत बसून होती; खुर्ची आता कशाच्याही जवळ नव्हती, नुसत्या शेतात होती.

खलीलभाई दाभण पिशवीत ठेवता ठेवता थांबले. "एकदा उघडून बघावं लागेल. मिटतंय ते कळलं. उघडल्यावर कळी कशी बसते ते बघितल्याशिवाय मी जात नसतो."

दादाने घड्याळ पाहिलं. मग दांडा त्यानेच हातात घेतला. तो पहिल्यांदाच फिरवत होता. छत वर चढताना त्याने मध्येच थांबून दांडा उलटा फिरवून पाहिला, ते खाली आलं, मग परत वर नेलं. पलंग सरकले, कमानी बसल्या. चारही कळ्या सपाट उघडल्या. खलीलभाईंनी मान हलवली.

एवढ्यात ज्वारीवर थवा उतरला. आई खुर्चीतून उठली. दादा हात द्यायला पुढे झाला, पण ती दांडी धरून दोन्ही पायऱ्या चढून गेली होती. पलंगाच्या कडेला बसली, चेन खाली ओढली आणि हाळी दिली. पाखरं उठून ओढ्याकडे गेली.

दादा खिडकीच्या बाहेर उभा होता. "गुडघे दुखतेत का?" त्याने विचारलं.

"दुखतेत की," आई आतून म्हणाली. "लातुरात बी दुखतेत."

तो ट्रेलरभोवती एक फेरी मारून आला. पायरी पायाने दाबून पाहिली. पडदा बाजूला करून आतलं शौचपात्र पाहिलं. गयाबाईंना विचारलं, "काकू, तुम्ही झोपाल का हितं? दुसऱ्या पलंगावर?"

"मला कोण इचारलंय आजवर?" गयाबाई म्हणाल्या. "झोपते की."

दादाने गाडीतून दोन्ही पिशव्या काढून आत ठेवल्या. औषधांची पिशवी उशाशी ठेवली. मग मला म्हणाला, "तायडे, हूक काढ."

पावणेचारला ट्रेलर कारपासून सोडवला. खलीलभाईंना अहमदपूरच्या स्टँडवर उतरवून दादा लातूरला गेला. रजा संपल्यामुळे मी बुधवारी नांदेडला परतले. हुरडा सरेपर्यंत, आणखी सोळा दिवस, आई शेतात राहिली.